पुनर्वसनाचा पैसा आमच्या गल्लीपर्यंत का येत नाही?

गेल्या महिन्यात ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर रहिवाशांची बैठक होती. दुरुस्तीबद्दल चार गोष्टी सांगायला मला बोलावलं होतं. शेवटी मागून एक ताई उठल्या. म्हणाल्या, "केंद्राचा पैसा येतो, राज्याचा येतो, पालिकेचं तर हजारो कोटींचं बजेट असतं. मग किसननगर, लोकमान्यनगर, मुंब्रा, दिवा इथे तो पोहोचत का नाही? आणि आणायचा असेल तर आम्ही नेमकं करायचं काय?" तेवढ्यात नळाला पाणी आल्याची हाक खालून आली आणि निम्मी गच्ची रिकामी झाली. मी घाईघाईत दोन वाक्यं बोललो. ती अपुरी होती, हे घरी येईपर्यंत मला टोचत राहिलं. म्हणून हे सविस्तर उत्तर.

मी या जिल्ह्यातल्या पालिकांमध्ये तीसेक वर्षं स्थापत्य अभियंता होतो. त्यातली निम्मी वर्षं झोपडपट्टी सुधारणा आणि घरबांधणीच्या कामात गेली. आता इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी करतो. फायलीची बाजूही पाहिली आहे आणि ज्या खोलीत छताचे पोपडे ताटात पडतात तीही.

ताई, आधी एक गैरसमज दूर करू. पुनर्वसन म्हणून आजूबाजूला जे उभं राहताना दिसतं, त्यातला बराचसा पैसा सरकारी तिजोरीतून येतच नाही. १९९५ साली मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं, तेव्हापासून राज्याने धरलेला रस्ता असा: सरकार रोख रक्कम देत नाही, चटईक्षेत्र देतं, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकाम करायची परवानगी. बिल्डरने रहिवाशांना फुकट घर बांधून द्यायचं आणि वाढीव चटईक्षेत्रात विक्रीची घरं बांधून खर्च वसूल करायचा. ठाण्याची क्लस्टर योजना, म्हणजे नागरी पुनरुत्थान योजना, त्याच तत्त्वावर चालते. फक्त एका इमारतीऐवजी किमान एक हेक्टरचा पट्टा एकत्र घ्यायचा, रस्ते, शाळा, मैदान यांच्यासह नव्याने आखायचा. म्हणजे घराचे पैसे शेवटी देतो तो विक्रीचा फ्लॅट घेणारा. तो जिथे चढा भाव द्यायला तयार आहे, तिथे योजना पळते. जिथे नाही, तिथे फलक गंजतो.

हे आकड्यांत बघा. दर मी हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या भागातले दर घालून तुम्हीही मांडू शकता. एक हेक्टर जागा, त्यावर ६०० कुटुंबं. प्रत्येकाला ३२३ चौरस फूट चटई म्हणजे जिने, पॅसेज, भिंती धरून एकूण बांधकाम साधारण २ लाख ६० हजार चौरस फूट. फुटाला ३००० रुपये धरले तर ७८ कोटी. ६०० कुटुंबांना नवं घर होईपर्यंत तीन वर्षं महिना १२ हजार ट्रान्झिट भाडं, हे २६ कोटी. झाले १०४ कोटी. चार चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जागेच्या चौपट बांधकाम मिळालं तर एकूण बांधकाम ४ लाख ३० हजार चौरस फूट, त्यातून रहिवाशांचं वजा जाता विक्रीला उरलं १ लाख ७० हजार. आता नौपाडा-पाचपाखाडीसारख्या भागात फुटाला १४ हजारांचा भाव आणि साडेचार हजारांचा खर्च धरला, तर विक्रीतून सुटतात १६१ कोटींच्या वर. रहिवाशांचा खर्च भागून ५७ कोटी उरले. हीच योजना साडेसहा हजार भाव असलेल्या भागात न्या. विक्रीतून सुटतात ३४ कोटी. तूट ७० कोटी, म्हणजे घरामागे साडेअकरा लाखांहून जास्त.

आता सरकारी अनुदान या तुटीशेजारी ठेवा. २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत आहे त्या जागी झोपडपट्टी पुनर्विकासाच्या घटकाला केंद्राचे घरामागे १ लाख रुपये होते. भागीदारीतून परवडणाऱ्या घरांना केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख. अडीच लाखांनी साडेअकरा लाखांचा खड्डा भरत नाही. नौपाड्यात मात्र खड्डाच नाही, तरी नियम दोन्हीकडे सारखाच. माझ्या मते दुखणं इथेच आहे. सार्वजनिक पैसा जिथे बाजार आपणहून काम करणार नाही तिथे जाड थराने घालायला हवा आणि जिथे बाजार धावतो आहे तिथे एक रुपयाही घालू नये. आपण तो सगळीकडे सारखा पातळ पसरतो.

नवी मुंबईत हे डोळ्यांनी दिसतं. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या सिडकोने बांधलेल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारती बघता बघता मोडकळीस आल्या. छताचं प्लास्टर कोसळून माणसं जखमी व्हायची, वर्षानुवर्षं लोक भांडले. २०१५ साली अशा इमारतींच्या पुनर्बांधणीला अडीच चटईक्षेत्र मंजूर झालं. त्यातही अडचणी पुष्कळ आल्या, पण वाशीचा भाव असल्यामुळे बिल्डर दारात येऊन उभे राहिले. तिथून ठाणे-बेलापूर रस्त्याने निघा. तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, पुढे दिघा, इलठणपाडा. कारखान्यांच्या कुंपणालगत एमआयडीसीच्या जागेवर दोन-तीन पिढ्या राहत आहेत. या शहराचे कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले इथून येतात. त्यांच्या दारात अजून कोणी उभं राहिलेलं नाही. दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचा प्रश्न तर उच्च न्यायालयात गेला आणि पाडण्याचे आदेश निघाले. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून खोली घेतली, ते रस्त्यावर आले. ज्यांनी विकल्या ते आधीच निघून गेले होते.

ठाण्याची आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना लवकर कळत नाही. किसननगरात चार-पाच मजल्यांच्या पक्क्या इमारती आहेत. दोन इमारतींमधून एका वेळी एकच माणूस नीट जाऊ शकतो, खालच्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो, अग्निशमनाची गाडी तर गल्लीच्या तोंडाशीच अडते. तरी कागदावर हे पक्कं घर. १९७१ च्या कायद्याखाली घोषित झोपडपट्टी नाही, म्हणून झोपडपट्टीच्या योजना लागू नाहीत. मंजूर नकाशा नाही, म्हणून नेहमीच्या पुनर्विकासाचे नियम लागू नाहीत. आणि कच्चं घर नाही, म्हणून घरकुलाच्या अनुदानात बसत नाही. सगळ्या योजनांच्या मधल्या फटीत ही माणसं राहतात. ही फट बुजवण्यासाठीच क्लस्टर योजना हवी होती.

तिच्यामागे दोन दुर्घटनांचं ओझं आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. वरचे मजले चढत होते आणि खाली कुटुंबं राहायला आली होती. ७४ माणसं गेली. ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे नौपाड्यात बी केबिनजवळची कृष्णा निवास पडली. १२ माणसं गेली. पहिली अर्धवट नवी आणि बेकायदा, दुसरी सुमारे पन्नास वर्षांची जुनी. तेव्हा धोका फक्त बेकायदा बांधकामात असतो असं म्हणणाऱ्यांनी कृष्णा निवास आठवावी, आणि फक्त जुन्यात असतो म्हणणाऱ्यांनी लकी कंपाउंड. २०१७ साली ठाण्याच्या क्लस्टरचे नियम मंजूर झाले, चाळीसहून अधिक आराखडे आखले गेले, २०२० च्या एकत्रित नियमावलीत १४.८ क्रमांकाच्या कलमात ही योजना आली. आणि २०२३ च्या जूनमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते किसननगरच्या कामाचं भूमिपूजन झालं. तिथे अंमलबजावणी सिडकोकडे दिली आहे. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण ज्या पट्ट्यात तूट निघू शकते तिथे सरकारी संस्थाच टिकून उभी राहू शकते. मात्र वर मांडलेला हिशेब सिडकोलाही चुकत नाही. तिलाही कुठून तरी पैसा आणावा लागणारच.

आता माझी एक चूक सांगतो. २००५ च्या शेवटी केंद्राचं नागरी पुनर्निर्माण अभियान आलं. त्यात शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवांचा भाग होता, त्यालाच सगळे बीएसयूपी म्हणायचे. तेव्हा मी ज्या पालिकेत होतो, तिथे वस्त्यांची निवड करायचं काम आमच्या कक्षाकडे आलं. यादीत एक वस्ती टेकडीच्या उतारावर होती. दर पावसाळ्यात तिथे माती घसरायची, एका बाजूने नाला. गरज कोणाची सर्वांत जास्त, तर निर्विवाद तिची. पण अर्धी जागा वनखात्याची, अर्धी कलेक्टरची, मोजणी झालेली नाही, रहिवाशांची यादी नाही. दुसरी वस्ती सपाट, पालिकेच्याच आरक्षित भूखंडावर, कागद स्वच्छ. अनुदानाचा हप्ता मार्चअखेर खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवलं तरच पुढचा हप्ता. मी सपाट वस्ती वर घातली आणि टेकडीची "दुसऱ्या टप्प्यात" म्हणून खाली ढकलली. दुसरा टप्पा आलाच नाही. कोणी मला पैसे दिले नव्हते, कोणाचा फोन आला नव्हता. फक्त माझी फाईल लवकर पुढे जावी, एवढंच होतं. ती टेकडी मला आजही ठाण्याला येताना लोकलमधून दिसते.

हे सांगतो ते यासाठी, की पैसा अडतो तो बहुतेक वेळा असाच. वाईट माणसामुळे अडला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. इथे अभियंता खर्च होईल अशी जागा शोधत असतो आणि ज्या वस्तीचे कागद तयार, ती त्याच्या डोळ्यांपुढे आधी येते. गरजेचा रकाना फाईलमध्ये नसतोच. जमिनीचा असतो, यादीचा असतो, संमतीचा असतो.

मग जो पैसा तुमच्या गल्लीत येतो तो कोणता? लादीकरणाचा. आमदार निधी, नगरसेवक निधी, वस्ती सुधार योजना, सगळ्यांतून पायवाटा, गटारं आणि पेव्हर ब्लॉक. हे काम सोपं, जागा सार्वजनिक, कोणाची संमती नको, महिन्याभरात फोटो काढता येतो. लोकमान्यनगरच्या एका पाड्यात मी एका आजींच्या घरी गेलो होतो. गल्लीतून घरात जायला दोन पायऱ्या खाली उतरावं लागलं. मी म्हटलं, घर एवढं खोल का बांधलंत? त्या म्हणाल्या, "घर होतं तिथंच आहे साहेब, गल्ली वर आली." जुनं न उकरता दर वेळी वरच नवं ब्लॉकचं काम. त्यांनी उंबऱ्यावर सिमेंटचा वीतभर कठडा घातला होता, पाणी अडवायला. कठड्यावर तीन रंगांचे थर दिसत होते, तीन वेळा वाढवला होता. खर्च तर झाला होता, तोही त्यांच्याच वस्तीच्या नावावर. आणि प्रत्येक खर्चागणिक त्यांचं घर थोडं आणखी बुडत गेलं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. काय करायचं?

सगळ्यात आधी इमारतीची प्रकृती कागदावर आणा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणं बंधनकारक आहे. लोक ते टाळतात. भीती अशी की ऑडिट केलं की धोकादायक ठरवतील आणि बाहेर काढतील. ही भीती पोकळ नाही, म्हणून ती समजून घेऊन बोलतो. पालिका इमारती चार वर्गांत घालते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे रहिवासी राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. लोकांना वाटतं सगळे रस्ते सी-१ कडेच जातात. मी पाहिलेल्या इमारतींत तसं नाही. बऱ्याच सी-२ बी मध्ये असतात आणि वेळेत हात लावला नाही म्हणून पाच-सात पावसाळ्यांत सी-१ होतात.

हे कसं होतं ते जवळून सांगतो, कारण त्यावरच तुमची सगळी मागणी उभी राहणार आहे. तळमजल्यावरच्या एका खोलीत मला एक खांब बघायचा होता. त्याच्यासमोर लोखंडी कपाट. घरमालक म्हणाले, काही नाही, तिथे जरा ओल आहे म्हणून कपाट लावलंय. कपाट हलवलं. खांबावर ऑइलपेंट, छान क्रीम रंगाचा. हातोडीने टकटक केलं. वर खणखणीत आवाज, कमरेच्या खाली बद्द. पोपडा हाताने निघाला. आत सोळा मिलीमीटरची सळई करंगळीहून बारीक झालेली, बाजूच्या रिंगा तर गंजून पावडर झालेल्या. तोडलेल्या काँक्रीटवर आम्ही फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतो. काँक्रीट निरोगी असेल तर गुलाबी रंग येतो. तिथे दोन इंच आतपर्यंत रंग आलाच नाही. वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप आठ वर्षं गळत होता आणि बांधताना खाडीची न धुतलेली रेती वापरली होती. मिठाने सळई आतून खाल्ली. तो पाइप तेव्हाच बदलला असता तर काही हजारांत काम होतं. आता चार खांबांना जॅकेट, म्हणजे बाहेरून सळई-काँक्रीटचं नवं आवरण, टेकू, पूर्ण नळकाम. तरीही इमारत वाचली. कपाट तिथेच राहिलं असतं तर वाचली नसती.

त्यामुळे ऑडिट तुम्ही स्वतःहून करा, पालिकेच्या यादीवरच्या अभियंत्याकडून, आणि नुसतं डोळ्यांनी नको. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कार्बोनेशन आणि गरज तिथे कोअर, या काँक्रीटच्या चाचण्या हव्यात. माझ्या अनुभवात वीस-पंचवीस खोल्यांच्या इमारतीला पन्नास हजार ते दीड लाख खर्च येतो. हा खर्च गरीब वस्तीत पालिकेने उचलला पाहिजे, असं मी नोकरीत असताना लिहून दिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. एका क्लस्टरच्या भूमिपूजनाच्या मांडवाच्या खर्चात कितीतरी इमारतींचं ऑडिट होईल.

दुसरं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सर्वांत मोलाचं आहे. रहिवाशांची यादी. क्लस्टर असो की झोपडपट्टी पुनर्वसनाची (झोपु) योजना, अडते ती पात्रतेच्या यादीवर, म्हणजे परिशिष्ट-२ वर. तारखा ठरलेल्या आहेत. झोपडपट्टी योजनेत १ जानेवारी २००० पूर्वीच्यांना मोफत घर आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क. प्रत्येक घरात एक डबा असतो, बहुतेकदा बिस्किटाचा, त्यात लाइटबिलं, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, स्टँपपेपरवरचा करार असं सगळं कोंबलेलं. एका काकूंच्या डब्यात १९९४ चं लाइटबिल निघालं, पण नाव आधीच्या मालकाचं. कराराचा कागद पावसात भिजून चिकटलेला. अधिकारी आल्यावर हा डबा उघडायचा नसतो, दोन वर्षं आधी उघडायचा असतो. आठ-दहा तरुण मुलामुलींनी बसावं, मोबाइलवर स्कॅन करावं, खोलीचं माप घ्यावं, कोण मालक, कोण भाडेकरू, कोणाचं नाव मतदार यादीत कुठल्या साली, एका तक्त्यात लिहावं. कागद कमी असतील ते आजच मागवावेत. भाडेकरूंना या यादीतून वगळू नका. मालकांची बैठक वेगळी झाली की तिथेच वस्ती फुटते.

अधिकृत सोसायटी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर आहे का ते पाहा. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करा. तीस वर्षांपूर्वीचा बिल्डर गायब आहे म्हणून थांबू नका, ही तरतूद त्यासाठीच आहे. नवी मुंबईत सिडकोचा भाडेपट्टा असतो, तिथे आधी सिडकोचे रखडलेले दाखले मिळवा. अनधिकृत इमारतीत हे लागू नाही, तिथे नुसती यादी आणि ऑडिट.

आणि इमारत सी-१ ठरलीच तर रिकामी करण्यापूर्वी प्रत्येकाच्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून, सहीशिक्क्याचा कागद हातात घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं आहे. पण हक्क सिद्ध करायला कागद लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर पोलीस बंदोबस्तात घरं रिकामी होतात, तेव्हा लोक आधी सिलिंडर आणि मुलांची दप्तरं उचलतात. कागद ढिगाऱ्यात जातात.

आता पैशाची मागणी. राज्याच्या आदेशाप्रमाणे पालिकेने आपल्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा दुर्बल घटकांसाठी राखायचा असतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि मागच्या पाच वर्षांत या लेखाशीर्षाखाली प्रभाग समितीनिहाय किती तरतूद, किती खर्च, कोणत्या कामावर, एवढंच विचारा. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं. तक्ता समोर आला की दिवा आणि नौपाडा शेजारी शेजारी दिसतात. असे तक्ते मी आतून तयार केले आहेत. तो बाहेर कोणी मागितला की बजेटच्या महिन्यात आम्हाला घाम फुटायचा. ठाण्यात मार्च २०२२ पासून आणि नवी मुंबईत मे २०२० पासून बराच काळ प्रशासक होते, प्रभागासाठी बजेटमध्ये भांडायला नगरसेवकच नव्हते. त्या वर्षांचे तक्ते तर आवर्जून मागा. मागणी डिसेंबरच्या आत द्या. जानेवारीनंतर अंदाजपत्रकाची मांडणी पक्की होत जाते आणि मग फक्त "पुढच्या वर्षी बघू" ऐकायला मिळतं.

मागायचं काय, तर दुरुस्ती निधी. यावर मी थोडा अडून बोलणार आहे. मुंबई शहरात १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि त्यातून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ उभं राहिलं. आज ते म्हाडाखाली आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या १९ हजारांहून अधिक इमारती त्यात होत्या. त्या मंडळाबद्दल तक्रारी ढीगभर आहेत, पण जिना पडायला आला तर टेकू लावायला सरकारी माणूस येतो, हे तिथल्या भाडेकरूला माहीत असतं. शीवची हद्द ओलांडून मुलुंड टोलनाका पार केला की असं काहीच नाही. ठाण्याच्या, नवी मुंबईच्या रहिवाशाला पालिका नोटीस देते. टेकू देत नाही.

वीस खोल्यांच्या सी-२ बी इमारतीला, समजा, ३० लाख दुरुस्ती लागली. खोलीमागे दीड लाख. वर काढलेली घरामागची साडेअकरा लाखांची तूट आठवा. नव्या घराच्या एका तुटीत सात घरं पंधरा वर्षं सुरक्षित होतात. क्लस्टरचा नंबर लागेपर्यंतची पंधरा वर्षं तरी माणसं जिवंत राहिली पाहिजेत ना? अधिकारी म्हणतील, अनधिकृत इमारतीला दुरुस्तीचा पैसा दिला तर ती अधिकृत होईल. होत नाही. अशा इमारतींकडून घरपट्टी घेतो, शास्ती घेतो, त्याने त्या अधिकृत झाल्या का? मग खांबाला जॅकेट घातल्याने कशा होतील? तसं ठरावातच स्पष्ट लिहा: दुरुस्तीमुळे कोणताही हक्क निर्माण होत नाही, जीव वाचवण्यापुरता खर्च.

निधी आणायचा कुठून, तर घोडबंदर रस्त्यावरून. तिथल्या टॉवरांकडून पालिकेला प्रीमियम आणि विकास शुल्क मिळतं. त्यातला ठरलेला हिस्सा कमी भावाच्या प्रभागांसाठी वेगळ्या खात्यात टाका. ज्या भूखंडावर तूट आहे तिथेच ती भरून निघावी, हा हट्ट सोडला पाहिजे. यात नवं काहीच नाही. झोपडपट्टी योजनेतला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे नेता येणारा बांधकामाचा हक्क, याच तत्त्वावर आहे, इकडे घर बांधा आणि हक्क तिकडे चढ्या भावाच्या भागात वापरा. ते तत्त्व रोख पैशाला लावा, एवढंच मी म्हणतो. यात घोडबंदरच्या लोकांवर अन्याय नाही. त्यांच्या घरी काम करणारी, त्यांचा कचरा उचलणारी, त्यांच्या मुलांना शाळेत सोडणारी माणसं दिवा-मुंब्र्यातून पहाटेची लोकल पकडून येतात.

ट्रान्झिटबद्दल थोडक्यात. रिकाम्या केलेल्या इमारतींची कुटुंबं शहराच्या दुसऱ्या टोकाला १६० चौरस फुटांच्या भाडेतत्त्वावरच्या खोल्यांत गेली आणि तिथेच अडकली, अशी उदाहरणं मी पुष्कळ पाहिली. मुलांची शाळा तुटते, बाईचं काम तुटतं. म्हणून भाड्याची रक्कम आगाऊ बँकेत ठेवल्याशिवाय एकही खोली रिकामी करू नका, आणि ट्रान्झिट त्याच प्रभागात मागा. आणि नव्या इमारतीत गेल्यावर लिफ्ट, पंप, जिन्यातला दिवा, यांचं महिन्याचं बिल कोण भरणार हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा. देखभालीसाठी घरामागे ठेव ठेवायची तरतूद असते, ती कोणत्या बँकेत, कोणाच्या नावावर, ते लेखी घ्या. बाराव्या मजल्यावर बंद लिफ्टमुळे घरात अडकलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातले काही जण जुनी खोली परत मागत होते.

ताई, तुमच्या इमारतीचं काम हातात घ्यायला मी तयार आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला येतो. ऑडिटची यंत्रं माझ्याकडे आहेत, चाचण्यांचा खर्च आपण नंतर बघू. तोपर्यंत प्रत्येक मजल्यावरच्या दोघांची नावं ठरवा, यादीचं काम त्यांच्याकडे. सगळ्यांना आपापले डबे गच्चीवर आणायला सांगा, पाणी येण्याच्या आधी. आणि तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत त्या दिवशी मला एक कपाट भिंतीपासून जरा पुढे सरकवलेलं दिसलं होतं. ते तेवढं बाजूला करून ठेवा.